पंखा, प्रोसेसर आणि समोरची खिडकी

भिलाईहून बोलतोय.

मागच्या भागात तोफखान्याच्या रेंज टेबलांचा विषय झाला. त्यावर काही जणांनी विचारलं, साहेब, बोलता ठीक, पण मागे सारखी घरघर कसली येते? शेजारी पिठाची गिरणी आहे का?

गिरणी नाही. तो माझा संगणक होता. आज त्या घरघरीचाच इतिहास सांगणार आहे. विषय किरकोळ वाटेल, मलाही वाटला होता. पण त्या घरघरीमुळे माझं जे नुकसान झालं, ते आता भरून येणारं नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, नागपूरहून इथे आले ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पोलाद कारखान्यात. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे आपण परमुलखात चाललो असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. इथली पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली होती. रशियन इंजिनिअर, पंजाबी फोरमन, छत्तीसगढी मजूर आणि त्यांत आमचे वऱ्हाडी अण्णा. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या हे मी निवृत्त झाल्यापासून म्हणत होतो. ते ८० च्या पुढे गेल्यावर, एका मे महिन्यात, शेवटी बसलो.

भिलाईचा मे म्हणजे दुपारी ४४ अंश. छताचा पंखा माइकमध्ये येतो म्हणून बंद केला. कूलर बंद केला. अण्णा धोतराच्या सोग्याने वारा घेत बोलू लागले, आणि दहाव्या मिनिटाला टेबलाखालचा संगणक गर्जायला लागला. घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज आधीच खोल गेला होता. ते म्हणाले, “अरे, तुझी भट्टी तरी बंद कर.”

त्या भट्टीची गोष्ट मात्र जुनी आहे.

पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक ‘एनियाक’ अमेरिकी सैन्याने तोफांच्या मारा-तक्त्यांसाठी बनवून घेतला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगाला दाखवला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या घरात वीज खात असे. आता संगणक जी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. गिरणीच्या विजेतून पीठ तरी निघतं; इथे निघतात आकडे, आणि आकड्यांना वजन नसतं. म्हणजे दीडशे किलोवॅट वीज खाणारं यंत्र हे दीडशे किलोवॅटची शेगडीही असतं. म्हणून एनियाकमध्ये पहिल्या दिवसापासून मोठे ब्लोअर बसवावे लागले.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या आकारात आला तो मुंबईत. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं ‘टिफ्रॅक’. २७०० व्हॅक्यूम ट्यूब, १७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि हे सगळं १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी कपाटात. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, तासाभराने त्याच्या पाठीला हात लावला तर चटका बसायचा. नुसती तार तापवायला एका ट्यूबला साधारण दोन-तीन वॅट लागतात असं धरा. २७०० ट्यूबचे पाच ते आठ हजार वॅट झाले, आणि हा फक्त तारा तापवण्याचा खर्च. खोलीत चार-पाच हीटर सतत चालू ठेवल्यासारखं. तेही मुंबईच्या दमट हवेत.

ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग सिलिकॉनची चिप आली. उष्णता संपली असं वाटलं. पण माणसाची हाव अशी की जागा वाचली तर त्या जागेत आणखी भरायचं. सेमूर क्रे या अमेरिकी अभियंत्याचा ‘क्रे-१’ १९७६ मध्ये आला, तेव्हा त्याच्या अंगातून फ्रीजमधला फ्रिऑन खेळवावा लागला. पंख्याने भागण्याची वेळ गेली होती. त्याच्या भोवती गोल बैठक होती, दिवाणखान्यातल्या कोचासारखी, आणि त्या बैठकीच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रं लपवलेली.

हा क्रे आपल्या इतिहासात येतो तो नकारामुळे. ऐंशीच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला त्यांचा मोठा संगणक हवा होता. अमेरिकेने हवा होता तो दिला नाही, कमी ताकदीचा दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभं राहिलं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरला शिकलेले, म्हणजे आमच्या अण्णांच्याच मुलखातले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. मला त्यातली युक्ती आवडते. एकच प्रोसेसर प्रचंड वेगाने पळवायचा, म्हणजे तो तापणार, मग त्याच्यासाठी फ्रिऑनची नळकामं करायची, हा रस्ता पुण्याने घेतलाच नाही. ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या, कमी वीज खाणाऱ्या चिप अनेक घेतल्या आणि काम वाटून दिलं. एका पैलवानाच्या डोक्यावर शंभर मणांचं ओझं देण्यापेक्षा शंभर हमाल लावले. हा निर्णय उष्णतेसाठी घेतला होता असं मी म्हणत नाही, चिपच मिळत नव्हत्या हे मुख्य कारण. पण उष्णता वाटली गेली हे खरं. पंख्यांच्या बाबतीत हाच हिशेब पुढे येणार आहे.

घरगुती संगणकात त्या काळी शांतता होती. ज्यांनी नव्वदच्या सुरुवातीला सरकारी कचेऱ्यांत काम केलंय त्यांना आठवेल, संगणकाला वातानुकूलित खोली आणि बाहेर चपला काढायचा नियम. माणसांना छताचा पंखा. आमच्या युनिटमध्येही एकच एसी होता, तो संगणकाला. उन्हाळ्यात साहेब लोक ‘डेटा तपासायला’ त्या खोलीत तासतास बसत. पण एसी असला तरी त्या यंत्राच्या प्रोसेसरवर पंखा नसे, आत असायचा तो फक्त वीजपुरवठ्याच्या डब्याचा. ॲपलने तर १९८० चा ‘ॲपल थ्री’ आणि १९८४ चा ‘मॅकिंटॉश’ बिनपंख्याचेच काढले. पैकी ॲपल थ्री इतका तापे की चिपा आपल्या खाचांतून सैल होत.

१९९३ मध्ये पेंटियम आला आणि शांतता संपली. तो सुमारे १५ वॅट खात असे. नखाएवढ्या तुकड्यावर १५ वॅट म्हणजे पंखा हवाच. १९९५ मध्ये इंटेलने कॅबिनेटच्या मांडणीचं नवं मानक काढलं, ‘एटीएक्स’. आजचे बहुतेक डेस्कटॉप त्याच्याच वंशातले. त्यात आधी कल्पना अशी होती की, वीजपुरवठ्याच्या डब्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडेल, म्हणजे वेगळा पंखा नको. कागदावर छान. पण ती हवा आधी वीजपुरवठ्यातून जाताना तापायची, आणि तापलेली हवा आपण ज्याला गार करायचं त्याच्यावर! पुढे हे कलम गेलं आणि त्या पंख्याचं तोंड उलटं झालं, आतली हवा बाहेर टाकणारं.

२००४ पर्यंत पेंटियम ४ शंभर वॅटच्या पलीकडे गेला. त्या वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याची पुढची आवृत्तीच रद्द केली, आणि एका पळणाऱ्या प्रोसेसरऐवजी दोन संथ प्रोसेसर एका चिपमध्ये बसवायचा मार्ग धरला. हमाल वाढवायचे, ओझं वाटायचं. त्याच सुमाराला त्यांनी ‘बीटीएक्स’ नावाची मांडणीही आणली होती. प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, समोर एक मोठा पंखा आणि हवा सरळ रेषेत मागे. मला ती मांडणी एटीएक्सपेक्षा शहाणी वाटते. पण बाजार बदलला नाही आणि २००६ मध्ये इंटेलने ती सोडली.

आता पंख्याचं गणित. एवढं एक समजलं की बाकी सगळं समजतं.

पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते. पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो निम्म्याहून खूपच कमी वाटतो. उलट, एका पंख्याच्या जोडीला तसाच दुसरा लावला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने चालवा. हवा जवळपास तेवढीच, आवाज डझनभर डेसिबलने कमी. आकाराचंही तसंच. ८० मिलिमीटरचा छोटा पंखा मिनिटाला २७०० फेरे मारून जेवढी हवा ढकलतो, तेवढी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा ८०० फेऱ्यांत ढकलतो. हे मोकळ्या हवेतलं गणित आहे. जाळी, धूळ, तारांची गुंतवळ मध्ये आली की तूट येते. पण दिशा हीच.

हे गणित मी पुस्तकातून नीट वाचलं. वाचून बाजारात गेलो आणि तीन मोठे पंखे आणले. संथ चालवायचे असं ठरवून दोन पुढे लावले, एक बाजूच्या झाकणावर, तिन्ही हवा आत ढकलणारे. मागे एक जुना होता, तो साफ करून परत बसवला. अभिमानाने संगणक सुरू केला. प्रोसेसरचं तापमान आधी ९० च्या आसपास जायचं, ते ९४ वर गेलं, आणि त्याच्या स्वतःच्या पंख्याने पुन्हा टाहो फोडला. अण्णांची दुसरी बैठक त्याच आवाजात झाली.

चूक काय होती ते सौभाग्यवतींनी सांगितलं. त्या वर्ध्याच्या. म्हणाल्या, “कूलर लावून समोरची खिडकी बंद केल्यासारखं केलंत की तुम्ही.”

विदर्भ-छत्तीसगढच्या माणसाला यापुढे समजवावं लागत नाही. पुण्या-मुंबईकरांसाठी सांगतो. आमच्याकडचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खिडकीत बसवतात, तो बाहेरची हवा ओली करून आत फेकतो. समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी असेल तरच खोली गार होते. ती बंद ठेवली, तर कूलर कितीही गरगरला तरी खोलीत नुसता दमट उकाडा साचतो. हवा आत घालणं हे निम्मं काम. ती जाणार कुठून, हे उरलेलं निम्मं.

मी कॅबिनेट उघडलं. मागचा पंखा साफ करून परत लावताना मी उलटा लावला होता. तोही आत ढकलत होता, आणि प्रोसेसरचा पंखा ज्या दिशेला गरम हवा टाकतो नेमका तिच्या तोंडावर. चारी पंखे आत, बाहेर कुणी नाही. सिग्नल कोअरमध्ये अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने हे करावं! आम्ही राजस्थानात ट्रकवरच्या शेल्टरमध्ये रेडिओची यंत्रं चालवायचो. एका सुभेदार साहेबांनी मला, तेव्हाच्या कोवळ्या लेफ्टनंटला, शिकवलं होतं, “साब, अगरबत्ती जलाओ, धुआँ झूठ नहीं बोलता.” फटीपाशी उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला तर समजायचं इथून वाळूही आत येणार. धूर बाहेर ढकलला गेला तर शेल्टर ठीक. गाळणीतून हवा थोडी जास्त आत घालायची, म्हणजे बाकी प्रत्येक फटीतून हवा बाहेरच जाते आणि धूळ आत शिरत नाही.

चाळीस वर्षांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती घेऊन मी टेबलाखाली बसलो.

त्या धुराने जे शिकवलं ते असं. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बारीक बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे दोन पंखे आत, मागचा एक बाहेर. प्रोसेसरवर उभा, तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक असेल तर त्याचा पंखा पुढून मागे वाहणारा हवा, म्हणजे पुढून आलेली हवा त्यातून जाते आणि मागच्या पंख्याच्या हाती सरळ लागते. बाजूच्या झाकणावरचा पंखा मी काढलाच, तो या प्रवाहाला आडवा मारत होता, आणि ते भोक जाड पुठ्ठ्याने बुजवलं. पुढे दोन आणि मागे एक ठेवल्याने आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो. पुढच्या तोंडाला बारीक जाळी लावली. आमच्या गावात खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं तर तांबूस काळं येतं, त्यामुळे ती जाळी दर पंधरा दिवसांनी झटकतो. आणि एक सूचना खास आमच्या बाजूच्या लोकांना: कूलरचा झोत संगणकाच्या तोंडावर घेऊ नका. गार वाटतो, पण ओली धूळ पात्यांना लेपासारखी बसते.

दुसरी सुधारणा पंखे किती पळवायचे याची. जुन्या पंख्याला दोन-तीन तारा असत, वेग बदलायचा तर व्होल्ट कमी करायचे. आता चार तारा असतात. चौथ्या तारेवरून सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद असा संकेत जातो, माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचा, आणि त्यावरून पंख्याला किती जोर लावायचा ते कळतं. त्यामुळे पंखा अगदी संथही चालवता येतो. अडचण अशी की, प्रोसेसरचं तापमान क्षणात १५ अंशांनी उडी मारतं आणि क्षणात उतरतं. पंखा प्रत्येक उडीला दाद द्यायला लागला तर झोपाळू पहारेकऱ्यासारखा दचकून दचकून ओरडतो. कानाला सलग आवाजापेक्षा हा चढउतार जास्त टोचतो. म्हणून संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन पंख्याला थोडा उशीर लावायचा: तापमान काही सेकंद वर टिकलं तरच वेग वाढव. आणि खालचा वेग असा ठेवायचा की रोजच्या कामात तो बदलावाच लागू नये.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. हे आधी करायला हवं होतं.

खोलीत ३८ अंश असताना जुनं ९४ आता ७६ वर थांबलं. ३८ च्या खोलीत कुठलाही पंखा प्रोसेसरला ३८ च्या खाली नेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा. पुण्याच्या आकड्यांशी भिलाईचे आकडे ताडून जीव घाबरा करून घेऊ नका. खोलीपेक्षा किती अंश वर, तेवढं बघा. माझे आधी ५६ अंश वर होते, नंतर ३८.

मोठ्या संगणकांनी मात्र पंख्याचा हात हळूहळू सोडला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याचा ‘एका’ हा टाटांच्या सीआरएलमधला संगणक जगात चौथा आला. त्याचे १८०० सर्व्हर वर्तुळासारख्या मांडणीत बसवले होते. १२ वर्षांनी, २०१९ मध्ये, पुण्याच्याच आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसला आणि त्यात प्रोसेसरला भिडवलेल्या पत्र्यांतून पाणीच खेळवलं आहे. घरच्या संगणकांतही पाण्याच्या नळ्या आल्यात, कारण २०२२ चा इंटेलचा एक प्रोसेसर जोरात असताना २५३ वॅट घेतो. मला विचाराल तर साध्या माणसाला पाण्याची गरज नाही. पाणी उष्णता फक्त उचलून दुसरीकडे नेतं. तिथे पुन्हा पंखाच लागतो, आणि त्या पंख्यालाही समोरची खिडकी लागते.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, आम्ही जन्मभर भट्टीत हवा फुंकली ती लोखंड वितळावं म्हणून, आणि तू फुंकतोस ते वितळू नये म्हणून.

हे वाक्य तिसऱ्या बैठकीतलं आहे, आणि लख्ख ऐकू येतं. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. रशियन इंजिनिअरला त्यांनी पहिल्यांदा झुणका-भाकर कशी खाऊ घातली ते त्यात आहे, राजहऱ्याच्या खाणीतून येणाऱ्या खनिजाचे डबे रात्री कसे मोजत ते आहे. चौथी बैठक पावसाळा संपल्यावर ठरली होती. पावसाळ्यात त्यांचा आवाज गेला, आणि दिवाळीच्या आधी ते गेले.

पहिल्या दोन बैठका माझ्याकडे आहेत तशाच आहेत, घरघरीसकट. आवाज गाळण्याची सॉफ्टवेअर वापरून पाहिली. घरघर कमी होते, पण तिच्याबरोबर अण्णांचे शब्दही पातळ होतात. म्हणून रात्री हेडफोन लावून, वाक्य वाक्य मागे नेत, हाताने उतरवून काढतोय. ४१ पानं झाली. पहिल्या दिवशी कामावर त्यांना हाताला धरून कोक ओव्हनपर्यंत कुणी नेलं, त्या माणसाचं नाव ते दोनदा घेतात. दोन्ही वेळा मागे पंखा वर चढतोय. ‘राम’ने सुरू होतं एवढं कळतं. पुढचं अजून लागलेलं नाही.